ठिपकेवालीची हजेरी

पिशवीतून टाकीत सोडल्यापासून वाळूत नाहीशी होईपर्यंत ठिपकेवालीला अकरा सेकंद लागले. हा अंदाज नाही. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. "स्टॉपवॉच कशाला?" असं आईने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. पण आकडा मिळाला होता. आकडा आधी आणि प्रश्न मागाहून, असं आमच्या पाणी तपासण्याच्या क्षेत्रात पुष्कळदा होतं.

ठिपकेवाली म्हणजे रॅस जातीची समुद्री मासळी. लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी, अंग पांढरं आणि त्यावर कुणी शाईचा ब्रश झटकल्यासारखे काळे ठिपके. तिच्याबरोबर याच जातीतल्या दुसऱ्या प्रकारचा, केशरी-जांभळा मासाही आणला होता. या माशांची दोन घराणी आहेत. एका घराण्यातले घाबरले की वाळूत शिरतात, दुसऱ्यातले घाबरले की पाण्याबाहेर उडी मारतात. मी दोन्ही घराण्यांतून एकेक आणला. आता वाटतं, एकच संकट आणायला हवं होतं.

हे दोघे हॉलमधल्या टाकीत जायचे होते. पण लगेच नाही. हॉलमधली टाकी बाबांची. बाबा दातांच्या कवळ्या तयार करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांकडे बघून आल्यावर संध्याकाळी तासभर माशांकडे बघत बसायचं, एवढाच त्यांचा छंद. मागच्या वर्षी मी एक नवा मासा आणून थेट त्या टाकीत सोडला. त्याच्या अंगावर रोग होता. नऊ दिवसांत बाबांच्या आठ माशांपैकी पाच गेले. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मी वाद घातला असता. पण ते फक्त संध्याकाळी टाकीसमोर बसेनासे झाले, आणि याच्यावर काय वाद घालणार?

त्यानंतर दातांचे एक डॉक्टर, ज्यांचं काम बाबा करतात, ती टाकी आपल्या वेटिंग रूमसाठी मागू लागले. बाबांनी नाही म्हटलं नाही. मी हातापाया पडले तेव्हा बाबांनी एक अट घातली: नवे मासे तीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचे. दोघेही तीस दिवसांनी ठणठणीत असले तर हॉलमधली टाकी राहील. एकालाही काही झालं, तर टाकी डॉक्टरांची.

म्हणून आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये एकशेवीस लिटरची टाकी उभी राहिली. तळ मोकळा, कारण औषध द्यायचं तर वाळू नको. पण ठिपकेवालीला झोपायला वाळू हवीच. तिच्यासाठी आईचं केक भाजायचं मोठं काचेचं भांडं घेतलं आणि त्यात सतरा वेळा धुतलेली बारीक वाळू भरली.

"ते भांडं मला माझ्या मैत्रिणीने दिलंय," आई म्हणाली.

"तीसच दिवसांसाठी."

"त्यानंतर मी त्यात केक भाजू?"

मी विषय बदलला.

वर झाकण. मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवली आणि फिल्टरच्या नळीसाठी एका कोपऱ्यात फट ठेवली. केशरी माशाची जाडी मी दुकानातच काचेला पट्टी लावून मोजली होती: चोवीस मिलिमीटर. फट ठेवली वीस मिलिमीटरची. दुसऱ्या दिवशी तो त्या फटीतून बाहेर गेला. माझं मोजमाप बरोबर होतं. फक्त मी मोजली पोटाकडून पाठीपर्यंतची उंची, आणि साहेब आडवे होऊन गेले. सुदैवाने टाकीशेजारी पाणी बदलायला मिठाचं ताजं पाणी भरलेली बादली होती आणि तो नेमका तिच्यात पडला. मी आले तेव्हा तो नव्या पाण्यात आरामात फिरत होता. पाणी बदलायचं काम त्याच्यापुरतं त्याने स्वतःच उरकलं होतं. आईने त्याचं नाव ठेवलं उडाणटप्पू.

या उडाणटप्पूने तिसऱ्या दिवशी सकाळी आईला किंचाळायला लावलं. बाथरूममध्ये दिवा लावला तर हा कोपऱ्यात पारदर्शक पिशवीसारख्या कशात तरी गुंडाळलेला. "अगं, कुणी प्लास्टिकमध्ये भरलं त्याला?" मी सांगितलं की हे मासे झोपताना तोंडातून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती कोष करतात, सकाळी फोडून बाहेर येतात. आई काचेपाशी वाकली. म्हणाली, "म्हणजे रोज आपलं अंथरूण आपणच घालतो आणि आपणच काढतो? तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

ठिपकेवाली मात्र अकरा सेकंद दिसली ती दिसली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, चौथा गेला. वाळू सपाट. मला काळजी नव्हती. नवी आलेली ठिपकेवाली आठ-दहा दिवस वाळूत राहते, आणि तिला उकरून काढणं म्हणजे अर्धी मारणं, हे मी वाचलं होतं. अडचण एवढीच की ते फक्त मी वाचलं होतं.

समोरच्या घरातले काका जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. ते चहाचा कप हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभे राहिले.

"मृत का बेपत्ता?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही नाही काका. विश्रांती घेतेय."

"असा रकाना नसतो पोरी. मृत म्हणायचं तर देह हवा. बेपत्ता म्हणायचं तर सात वर्षं वाट बघायची. हा मासा जगतो किती?"

"सहा-सात वर्षं."

काकांनी कप खाली ठेवला. "मग तुझं प्रकरण निकाली निघणं अवघड आहे."

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी लोहचुंबक फिरवून बघायला सांगितलं. "मासा लोखंडाचा नसतो," मी म्हटलं. "सुई हरवली की मी तसंच करते," त्या म्हणाल्या, आणि माझं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही हे माझ्या लक्षात आलं. आईचं म्हणणं, चमच्याने हळूच वाळू बाजूला करून फक्त बघायचं. "तुला कुणी पांघरूण काढून फक्त बघितलं तर?" "मी रोजच बघते तुला. उठतेस का तू?"

शेवटी मासेवाल्याला फोन केला. त्याच्या दुकानात 'सात दिवसांत मासा दगावल्यास दुसरा मिळेल' अशी पाटी आहे.

"मेलेला मासा घेऊन या, लगेच दुसरा देतो," तो म्हणाला.

"तो वाळूत आहे."

"मग मेला कशावरून?"

"मेला असं मी म्हणतच नाहीये."

"मग ताई, तक्रार काय आहे?"

मी फोन ठेवला. रागाची गोष्ट ही की त्याच्या बोलण्यात एकही चूक नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाथरूमच्या दारावर नियमावली लावली. टंकलिखित, क्रमांकासह, प्लास्टिकमध्ये घालून. एक, झाकण उघडू नये. दोन, बाथरूममध्ये सुगंधी फवारे मारू नयेत. तीन, काचेवर टकटक करू नये. असे सहा नियम शास्त्रीय होते. सातवा मी रागाच्या भरात लिहिला: 'माशांसंबंधी कोणतीही सूचना, सल्ला, मत अथवा बातमी मला देऊ नये.' खाली सही केली. सहीखाली पदवीही लिहिली. आता कबूल करायला हरकत नाही.

पाचव्या दिवशी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पस्तीस वर्षं शाळेत, त्यातली चौदा मुख्याध्यापिका. ती आमच्याकडे महिनाभर राहणार होती, आणि दुसरं बाथरूम तिचं असतं हे मी माशांच्या नादात साफ विसरले होते. तिने दारावरची नियमावली चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ती म्हणाली, "छान. घरात कुणीतरी लेखी काम करतंय." मग आत जाऊन टाकी बघितली. "हे काचेतून बघणार का मला?"

"आत्या, त्यांना कळत नाही."

"मला कळतं ना."

तोडगा निघाला. अंघोळीच्या वेळी आत्या टाकीवर मोठा टॉवेल टाकणार, अंघोळ झाली की काढणार. साबण बिनवासाचा. या बाबतीत तिने माझ्या एकाही नियमाला धक्का लावला नाही. असं मी तेव्हा समजत होते.

सातवा दिवस रविवार. मी सव्वासातला वाळू तपासून परत झोपले आणि नऊला उठले तर अर्धी इमारत बाथरूमच्या दारात. सगळे वाळूकडे टक लावून. उडाणटप्पू गर्दीपुढे पंख फुलवून मिरवत होता, वाळू सपाट. "चमचा," आई म्हणाली. "सात वर्षं," काका म्हणाले. मावशी लोहचुंबक घेऊनच आल्या होत्या.

मी शास्त्राचा आधार घेतला. मासा वाळूत मेला तर कुजेल, कुजला तर पाण्यात अमोनिया वाढेल. अमोनिया शून्य, म्हणजे ठिपकेवाली जिवंत. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. रोज शंभर बाटल्या तपासते. खात्रीसाठी बाथरूमचं पाणी तिथेही नेलं. आमच्याकडे नमुना नोंदवल्याशिवाय आत घेत नाहीत. अर्जात 'स्रोत' या रकान्यात मी 'घरगुती' लिहिलं. चार दिवसांनी साहेबांच्या सहीचा अहवाल आला. अमोनिया: आढळला नाही. क्षार: मर्यादेच्या सत्तर पट. तांबं: मर्यादेबाहेर; ते मीच औषध म्हणून पाच दिवसांत थेंबाथेंबाने चढवलेलं, कारण रॅसला एकदम सोसत नाही. शेवटी लाल शिक्का: 'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. स्रोत तत्काळ बंद करावा.' साहेबांनी मला बोलावून काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आणि तेराव्या दिवशी संध्याकाळी अमोनिया आला.

चाचणीच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं. ते हिरवट झालं. मी दुसऱ्यांदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. हिरवट. मी अर्धं पाणी बदललं आणि बादलीवर बसून राहिले. बाबा दारात आले. नळीकडे बघितलं, वाळूकडे बघितलं. त्यांना रंग वाचायला शिकवावं लागत नाही. त्यांचं काम दातांच्या छटा जुळवायचं आहे.

"उद्या उकरून बघू," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर टाकीचं माप घ्यायला यायचे म्हणत होते. येऊ देत उद्याच."

मागच्या वर्षीसारखंच. रागाचा एक शब्द नाही.

रविवारी दहा वाजता डॉक्टर हॉलमध्ये मोजपट्टी लावून टाकीची लांबी घेत होते. आतल्या तीन म्हाताऱ्या माशांना आपण विकले... नाही, नुसते दिलेच जातोय, याचा पत्ता नव्हता. बाथरूममध्ये मी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बसले होते. बाबांनी मेण कोरायची पातळ पळी दिली होती. मागे आई, काका, मावशी. कुणी सल्ला देत नव्हतं, आणि मला तेवढंच सोसत नव्हतं. पळी वाळूपासून वीतभर अंतरावर आली.

"हे काय चाललंय?"

आत्या वाचनालयातून परत आली होती. पिशवी खांद्यावर, चष्मा नाकावर.

"वाळू उकरतोय," मी म्हटलं. माझा आवाज मला आवडला नाही.

"कशाला?"

"ठिपकेवाली जिवंत आहे का बघायला."

"आत्ता? ती झोपली असेल. आज सात वाजून दहा मिनिटांनी आत गेली."

मी पळी तशीच धरून मान वळवली.

"आत्या," मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"माहीत म्हणजे? मी रोज बघते. मी पाचला उठते. अंघोळ झाली की टॉवेल काढते, स्टुलावर बसून केस विंचरते. तेव्हा ती बाहेर असते. शहाणी मुलगी आहे. त्या दुसऱ्यासारखा दंगा नाही."

"नऊ दिवस? मग सांगितलं का नाहीस?"

आत्याने दारावरच्या नियमावलीवर बोट ठेवलं. सातव्या नियमावर. "'अथवा बातमी.' खाली तुझी सही आहे. पदवीसुद्धा आहे."

काकांनी तो नियम वाचला आणि मान डोलावली. "कागद पक्का आहे," ते म्हणाले.

मी पाण्यातून हात काढला. आत्याने पिशवीतून वही काढली. पस्तीस वर्षांची सवय सुटत नाही; मागच्या पानांवर तिने हजेरीपत्रक आखलं होतं. सहावा दिवस: आगमन पाच वीस, गमन सहा पाच. सातवा दिवस: पाच तीस. आठवा: पाच बेचाळीस, शेजारी 'उशीर' असा शेरा. असं करत चौदावा दिवस: सहा पन्नास. उडाणटप्पूची हजेरी रोज पूर्ण; वर्तन: चंचल. आणि शेवटच्या रकान्यात 'खाऊ'.

"खाऊ?" मी विचारलं.

"ओट्यावर त्या बाटलीत तू बारीक कोळंब्या वाढवतेस ना, त्यातला. वेळेवर येणाऱ्या मुलाला काही नको द्यायला? आधी चमचाभर देत होते. या आठवड्यात वाटीभर द्यायला लागले, वाढतं वय आहे. खाऊ घालू नये असा नियम नाही. मी तपासला."

तर अमोनिया हा होता. मेलेल्या माशाचा नाही. वाटीभर उरलेल्या खाऊचा.

मी बादलीवर बसले. मी चौदा दिवस रोज सव्वासातला उठून वाळू तपासली होती, संध्याकाळी सहाला तपासली होती, आणि मासा दिसत नाही असा निष्कर्ष काढला होता. प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, की एकाच वेळचे नमुने घेऊ नका. आणि मी स्वतः, पदवीसकट, मासा झोपायला गेल्यावर हजेरी घ्यायला जात होते.

पण वही हातात होती, आणि वहीत नऊ दिवसांचे आकडे होते. मी तिथेच, आईच्या किराण्याच्या यादीमागे, आलेख काढला. ठिपकेवाली रोज सुमारे अकरा मिनिटांनी उशिरा उठत होती. रेषा इतकी सरळ की माझ्या पदवीच्या प्रयोगातसुद्धा कधी आली नव्हती. तेव्हा उमगलं. ती पूर्वेकडच्या समुद्रातून आली होती. तिथे आपल्याआधी कितीतरी तास उजाडतं. ती तिच्या समुद्राच्या सूर्यावर उठत होती आणि रोज अकरा मिनिटं आमच्या टाक्यांच्या दिव्यांकडे, जे दहाला लागतात, सरकत होती.

"म्हणजे प्रवासाची झोप," आई म्हणाली.

"अगदी बरोबर." आईला असं म्हणण्याची मला सवय नाही, पण ते बरोबरच होतं.

मी हॉलमध्ये गेले. डॉक्टर उंची घेत होते. "डॉक्टर," मी म्हटलं, "पुढच्या रविवारी या. सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी मासा वाळूतून बाहेर येईल." डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. त्यांच्या हातात आलेख होता; तो कधी घेतला मला कळलं नव्हतं. "या ना," ते म्हणाले. "पट्टी नका आणू."

एकविसाव्या दिवशी आठ वाजता बाथरूमबाहेरच्या बोळात आठ माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती. आत्याने बसवली होती, उंचीप्रमाणे. "एक शब्द नाही," ती म्हणाली, आणि दातांचे डॉक्टर, ज्यांच्यापुढे अख्खं गाव तोंड उघडतं, तोंड मिटून बसले. मासेवालासुद्धा आला होता. पाटीवरचे सात दिवस कधीच संपल्यामुळे तो निर्धास्त होता. आठ पाच. आठ सात. काही नाही. मी घड्याळ हलवून बघितलं. आठ आठ. मावशींनी लोहचुंबक पदराखाली लपवलं. आठ नऊला वाळूचा एक दाणा हलला. मग एक काळा गोल डोळा वर आला, इकडे तिकडे फिरला, आणि ठिपकेवाली भांड्यातून उठली, जशी काही रात्री नीट झोपून मोठ्या घरची बाई उठते. तिने अंग झटकलं, वाळू खाली पडली. सरळ काचेपाशी येऊन तिने आठही जणांकडे एकदा बघून घेतलं. अंगावर एकही डाग नाही. होते ते सगळे तिचे स्वतःचे.

"दोन मिनिटं उशीर," आत्या कुजबुजली आणि वहीत लिहिलं.

काकांनी डोळे पुसले. "पस्तीस वर्षांत," ते म्हणाले, "एकदा कमी केलेलं नाव कमीच राहिलं. परत लिहायची ही पहिली वेळ."

पुढचे नऊ दिवस काही घडलं नाही, आणि काही न घडणं किती सुंदर असतं हे मला तेव्हा कळलं. सकाळची हजेरी आत्याकडे, संध्याकाळचा अमोनिया माझ्याकडे; खाऊ चमचाभरच, लेखी मंजुरीने. तिसाव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, दोघं हॉलमधल्या टाकीत गेली. झाकण बाबांनी स्वतः उघडलं. उडाणटप्पू तीन म्हाताऱ्यांपुढे जाऊन मिरवू लागला. ठिपकेवाली वाळूत शिरली. सहा सेकंद. कुणीही चमचा आणला नाही.

बुधवारी बाबा नेहमीसारखे पावणेनऊला तयार झाले, डबा घेतला आणि दारापर्यंत गेले. मग परत आले, खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाबा, वहीप्रमाणे दहाच्या सुमाराला," मी म्हटलं. "तुम्हाला उशीर होईल."

"असू दे."

डॉक्टरांचा फोन आला. बाबांनी डोळे टाकीवरून न काढता तो कानाला लावला. "हो... नाही, टाकी नाही द्यायची. वेटिंग रूममध्ये मासिकं ठेवा डॉक्टर, पेशंटना चालतात." आणि ठेवून दिला.

दहा वाजून एक मिनिटाने ठिपकेवाली वर आली. तीन म्हाताऱ्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि तिला आपल्यात घेतलं. बाबा काही बोलले नाहीत, पण गेल्या वर्षीचं त्यांचं न बोलणं आणि हे न बोलणं यांतला फरक मी कुठल्याही उपकरणाशिवाय सांगू शकते. ती दुपारी वाळूत जाईपर्यंत ते हलले नाहीत. त्या दिवशी एका गृहस्थांची कवळी तयार झाली नाही आणि त्यांना रात्री पातळ जेवावं लागलं. मी त्यांची मनापासून क्षमा मागते. पण त्यांनी ते बघितलं असतं तर तेसुद्धा, दातांशिवाय का होईना, हसले असते.